घरात कुणाला बायपोलर आहे असं डॉक्टर म्हणाले, आता पुढं काय करायचं? (सांगली-साताऱ्याकडच्या घरच्यांसाठी)

हे लिहितेय ते पेशंटसाठी नाही, त्याच्या घरच्यांसाठी. आई, बायको, भाऊ, बहीण, पोरगं, घरात रात्री जो कोण जागा राहतो त्याच्यासाठी. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे. आमचं गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग आहे, मी सांगलीत असते, उपचार सांगली-मिरजेत चालतात आणि गेली बरीच वर्षं भावजय आणि मी मिळून हे सगळं बघतोय. भावाला विचारून लिहितेय. त्यानं वाचलं, दोन गोष्टी काढायला सांगितल्या, त्या काढल्यात.

एक गोष्ट सगळ्यात आधी. या आजारात घरच्यांचं महत्त्वाचं काम माणूस बरा असताना असतं, आजारी असताना नाही. बरा झाला की सगळी घरं सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय बंद करतात, "आता कशाला आठवण काढायची त्याची". पण खाली लिहिलेल्या निम्म्या गोष्टी त्याच दिवसांत होऊ शकतात, एकदा तेजी (अति उत्साहाचा झटका) चढली की ना सही मिळत ना कबुली.

१. घरातल्या सगळ्यांना आजार एकदा नीट सांगा

सकाळी खूश आणि संध्याकाळी नाराज हे बायपोलर नव्हे, ते सगळ्यांचंच होतंय. यात तेजी म्हणजे मॅनिया आठवडाभर किंवा जास्त टिकते, नैराश्य निदान दोन आठवडे आणि बऱ्याचदा कित्येक महिने. तेजीत माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी थकत नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात एकामागून एक प्लॅन, पैसा पाण्यासारखा जातो, चिडचिड, कधी आपण कुणीतरी मोठे आहोत असा ठाम विश्वास. नैराश्यात त्याच माणसाला आंघोळीला उठणं जड जातं. मध्ये एक सौम्य तेजी असते, हायपोमॅनिया, आणि ती घरच्यांना कळतच नाही कारण माणूस एकदम कामाला लागलेला असतो, सगळे म्हणतात बघा किती सुधारला.

काहींना तेजी आणि नैराश्य एकत्रच येतं, आतून दुःख आणि अंगात प्रचंड बेचैनी, ती अवस्था सगळ्यात धोक्याची, तिथं दिवस घालवू नका.

आजार साधारण विशीच्या आसपास सुरू होतो. देशात २०१५-१६ साली जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं त्यात आयुष्यात कधीतरी बायपोलर होणाऱ्यांचं प्रमाण ०.५ टक्के निघालं, म्हणजे दोनशे माणसांत एक. आपल्या गावाची लोकसंख्या बघा आणि हिशोब करा, तुमचं घर एकटं नाही. हे ढोंग नाही, संस्कार कमी पडले असंही नाही, बायकोनं त्रास दिला म्हणून तर अजिबात नाही. शेवटचं वाक्य सासरच्या मंडळींना दोनदा सांगावं लागतं.

२. कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं

सांगलीत सिव्हिल म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. तिथं मानसोपचार विभाग कुठला, ओपीडी कुठल्या वारी आणि किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशी फोन करून नाहीतर कुणाला तरी पाठवून विचारून घ्या. खाजगी मानसोपचारतज्ज्ञ सांगली, मिरज, सातारा, कराड सगळीकडे आहेत. पण डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञच हवा, म्हणजे एमडी सायकियाट्री किंवा डीपीएम (मानसोपचाराचा डिप्लोमा). समुपदेशकाचा खूप उपयोग होतो, पण गोळ्या तो देत नाही आणि या आजारात गोळ्यांशिवाय भागत नाही.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन्हीच्या झेरॉक्स
- आधीच्या सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चिठ्ठी हरवली असेल तर गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स
- बीपी, शुगर, थायरॉईड, दमा कशाच्याही गोळ्या चालू असतील त्या, आयुर्वेदिक सुद्धा
- थायरॉईड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगरचे जुने रिपोर्ट असतील तर
- एक कागद, ज्यावर तारीखवार लिहिलंय काय झालं, किती दिवस टिकलं, तेव्हा झोप किती होती
- घराण्यात कुणाला असा आजार, कुणाची आत्महत्या, दारू गांजाची सवय

हा तारखांचा कागद सोन्यासारखा आहे. डॉक्टरसमोर पाच-दहा मिनिटं मिळतात, पेशंट त्या वेळी अगदी व्यवस्थित बोलतो आणि घरच्यांना काही आठवत नाही. "मार्चमध्ये द्राक्षाचे पैसे आले तेव्हा दहा दिवस झोपला नाही, जुनी जीप घेतली" असं लिहा, "स्वभाव चिडका झालाय" असं नको.

इथला सगळ्यात मोठा सापळा ध्यानात ठेवा. पहिला झटका बऱ्याच जणांना नैराश्याचा असतो. घरचे नैराश्याचंच सांगतात, दोन वर्षांपूर्वीची तेजी सांगतच नाहीत कारण तेव्हा तो आजारी वाटलाच नव्हता. मग नुसती नैराश्याची गोळी सुरू होते आणि त्या गोळीनं काहींना तेजी उसळते. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायचं, की अमुक साली हा असा असा वागला होता.

३. गोळ्यांचं खातं एकाच्याच हातात ठेवा

कुठली गोळी ते डॉक्टर ठरवणार. पण घरच्यांना कळलं पाहिजे आपण काय देतोय, त्यातही लिथियम असेल तर हा भाग दोनदा वाचा.

लिथियम जुनं औषध आहे, १९४९ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी ते मॅनियात चालतं हे दाखवलं, आणि आजही ते पहिल्या रांगेत आहे. तेजी आणि नैराश्य दोन्ही परत येऊ नये म्हणून काम करतं, आत्महत्येचा धोका कमी करतं. पण उपयोगाचं प्रमाण आणि विषारी प्रमाण यात अंतर थोडं. रक्तातली पातळी नेहमीसाठी साधारण ०.६ ते ०.८, कधी १.० पर्यंत ठेवतात, १.५ च्या वर गेली की धोका. म्हणून रक्त तपासणी टाळायची नाही. सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर आठवडाभरानं, नंतर डॉक्टर सांगतील तशी, आणि सहा महिन्यांनी थायरॉईड आणि किडनीची.

तपासणीचं गणित असं की शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर आकडा भलताच वर येतो आणि उगाच डोस कमी होतो. छोट्या लॅबमध्ये असेल तर एवढं सांगा की लिथियम हेपरिनची ट्यूब वापरू नका, तिच्यातच लिथियम असल्यामुळं रिपोर्ट खोटा येतो.

लिथियम चालू असताना घरात पाळायचं:

पाणी भरपूर, मीठ नेहमीएवढंच, एकदम बंद पण नाही आणि वाढवायचं पण नाही. एप्रिल-मेच्या उन्हात रानात काम असेल तर बाटली सोबत पाहिजे. जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, खाणं-पिणं बंद झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. निर्जळी उपवास नको. साताऱ्याकडची बरीच मंडळी लोणंद-फलटणला माउलींच्या पालखीत चालायला जातात, जायला हरकत नाही पण डॉक्टरांना विचारून, सोबत घरचं एक माणूस, गोळ्यांचा डबा आणि झोपेची सोय असेल तरच.

अंगदुखीच्या गोळ्या हा दुसरा सापळा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी लिथियम वाढतं, आणि आपल्याकडं पाठ दुखली की मेडिकलमधून हीच गोळी मिळते. कॉम्बिफ्लाममध्ये सुद्धा आयबुप्रोफेन आहे. साधी पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, लघवीच्या गोळ्या, यांनी पण वाढतं, म्हणून बीपीच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, "याला लिथियम चालू आहे".

बोटांची बारीक थरथर चालते, डॉक्टरांना सांगायची. पण हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब, माणूस गुंगल्यासारखा होणं, ही विषबाधेची लक्षणं. पुढची गोळी न देता सरळ हॉस्पिटल गाठा, उद्यावर ढकलू नका.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात. व्हॅल्प्रोएट असेल तर लिव्हरची तपासणी आणि वजन. लॅमोट्रिजिन असेल तर अंगावर पुरळ उठलं की लगेच डॉक्टर, आणि गोळी चार-पाच दिवस चुकली असेल तर जुन्या डोसवर परत सुरू करायची नाही, विचारायचं. ओलांझापिन, क्वेटियापिन असेल तर वजन आणि शुगर बघत राहायचं, पेशंट गोळ्या सोडतो त्याचं मोठं कारण हे वजनच असतं, त्याला हसू नका.

आणि बरं वाटलं म्हणून गोळी बंद हा प्रकार. होणार, जवळजवळ प्रत्येक घरात होतो. लिथियम एकदम सोडलं तर तेजी उलटून येण्याची शक्यता फार असते. भांडू नका, कारण विचारा, वजन वाढलं की डोकं जड वाटतं की लाज वाटते, आणि ते कारण घेऊन डॉक्टरकडं जा. चोरून चहातून गोळी देऊ नका. कळतं कधीतरी, आणि मग तो घरातलं पाणी पण पित नाही.

साठा नेहमी पंधरा दिवसांचा जास्तीचा ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या लोकांनी काय भोगलं ते आपण बघितलंय, रस्ते बंद, मेडिकल पाण्यात. पावसाळ्याच्या आधी गोळ्या आणि फाईल जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवा, चिठ्ठीचा फोटो दोन मोबाईलमध्ये असू दे.

४. झोपेची वही

एक साधी वही. तारीख, किती वाजता झोपला, किती वाजता उठला, मूड कसा, गोळी घेतली का, काही विशेष. एवढंच. शक्यतो त्यानं स्वतः लिहायची, म्हणजे ती पाळत वाटत नाही.

झोप कमी होणं हे तेजीचं सगळ्यात पहिलं लक्षण आणि तेच तेजीचं कारण सुद्धा. म्हणून जागरण हा विषय घरात गंभीरपणे घ्या. लग्नाचा सीझन, गणपती, गावची जत्रा, जागरण-गोंधळ, रात्रीची मोटर चालू करायला शेतात जाणं. लोडशेडिंगमुळं रात्रीचं पाणी द्यावं लागतंय हे खरं आहे, पण ते काम त्याच्याकडून काढून दुसऱ्या कुणाला द्या, मजूर लावा, शेजाऱ्याशी बोला. आमच्याकडं हा एक बदल सगळ्यात जास्त कामाला आला.

प्रत्येक पेशंटच्या स्वतःच्या खुणा असतात. कुणी पहाटे चारला उठून गाडी धुतो, कुणी जुन्या मित्रांना फोन सुरू करतो, कुणी एकदम देवदेव, कुणी भडक कपडे. माझ्या भावाचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस वाढतात. या खुणा त्याच्यासोबत बसून लिहून काढा. दोन रात्री सलग झोप चार तासांच्या खाली गेली की डॉक्टरांना फोन, हे आम्ही त्याच्याच तोंडून ठरवून घेतलंय, त्यामुळं फोन केला की तो चिडला तरी "ठरलंय ना आपलं" म्हणता येतं.

५. बरा असताना करायचे कागद

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे, २०१८ पासून लागू झाला. त्यात घरच्यांच्या कामाच्या दोन सोयी आहेत.

पहिली, नामनिर्देशित प्रतिनिधी. पेशंटनं साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा करायचा की माझ्या उपचाराच्या बाबतीत अमुक व्यक्ती माझी प्रतिनिधी, आणि त्या व्यक्तीनं लेखी संमती द्यायची. वय १८ च्या वर पाहिजे. स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही, आणि पेशंटला तो कधीही बदलता येतो. भावानं भावजयीला नेमलंय. आधी आमच्या काकांना वाटलं त्यांना विचारलं नाही, पण हा मान-पानाचा विषय नाही, रात्री दोनला सही करायला जवळ कोण असतं त्याला नेमायचं.

दुसरी, अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह, म्हणजे मी आजारी पडलो तर मला कसे उपचार चालतील आणि कसे नको हे आधीच लिहून ठेवणं. याचा ठराविक नमुना असतो, साक्षीदार लागतात, आणि मानसिक आरोग्य मंडळाकडं नोंद करायची असते, तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. तातडीच्या उपचाराला हे लागू होत नाही. तेवढी दगदग नको असेल तर निदान एक घरगुती करार लिहा, त्याला कायद्याचं वजन नसतं पण घरात खूप असतं. आमच्या करारात आहे: कुठल्या खुणा दिसल्या की काय करायचं, गाडीची किल्ली कुणाकडं, मोठा खर्च कुणाला विचारून, ॲडमिट व्हायची वेळ आली तर कुठं, सोबत कोण राहणार, आणि शेवटी त्यानं स्वतः लिहिलंय की माझ्या पोरासमोर मला ओरडू नका.

६. पैसा, जमीन आणि मोबाईल

तेजीत सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं आणि ते फेडायला वर्षं जातात.

- यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवा, त्याच्या संमतीनं, बरा असताना. क्रेडिट कार्डाची पण.
- उसाचं बिल किंवा द्राक्षाचे पैसे ज्या खात्यात येतात त्यातून मोठी रक्कम लगेच एफडीत टाका किंवा खातं दोघांच्या सहीचं करा.
- कोरे सही केलेले चेक घरात ठेवू नका. सोनं लॉकरला. गोल्ड लोन तासाभरात मिळतं.
- मोबाईलवरची कर्ज देणारी ॲप्स काढून टाका, ऑनलाइन रमी तर पहिली.
- पतसंस्थेत, भिशीत जामीन राहायची त्याची सवय असेल तर आत्ताच थांबवा.

सातबारा त्याच्या नावावर असेल तर तेजीच्या दिवसांत कुणीतरी साठेखत किंवा विसार पावती करून घेऊ शकतं. करार कायद्याप्रमाणं करार करताना माणसाचं मन ठिकाणावर असावं लागतं, मधून मधून आजारी पडणारा माणूस आजारपणात करार करू शकत नाही. पण हे कोर्टात दाखवायला तारखेसकट कागद लागतो, म्हणून प्रत्येक केसपेपर, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि असं काही झालंय कळलं की वाट न बघता वकील गाठा.

पण एक सांगते, बरा झाल्यावर त्याच्या हातात पैसे परत द्यायचे. कायमचं दुसऱ्यापुढं हात पसरायला लावलं तर माणूस आतून मोडतो.

७. तेजी चढलीच तर

वाद घालू नका, "तू मुख्यमंत्री नाहीस" हे पटवायला जाऊ नका. छोटी वाक्यं, हळू आवाज, घरातला टीव्ही बंद, पाहुणे कमी, पोरांना दुसऱ्या खोलीत. एकच माणूस बोलेल, सगळ्यांनी मिळून घेरायचं नाही. गाडीची किल्ली, धारदार वस्तू बाजूला. खाणं आणि पाणी होतंय ना बघा.

डॉक्टरांना फोन करा. त्यांचा लागला नाही तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ॲम्ब्युलन्ससाठी १०८. मारहाण, जीवाला धोका असं असेल तर ११२. पोलीस आले तर सुरुवातीलाच सांगा की मानसिक आजार आहे आणि फाईल दाखवा. कायद्यानं पोलिसांनी अशा माणसाला कोठडीत ठेवायचं नसतं, जवळच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांच्या आत न्यायचं असतं.

ॲडमिट करायचं तर दोन रस्ते. तो स्वतः तयार असेल तर स्वतःच्या सहीनं. तयार नसेल आणि त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेणं अजिबात जमत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, जास्तीत जास्त ३० दिवस. पाचव्या मुद्द्यातला कागद इथं कामाला येतो. सरकारी वॉर्डात बहुतेक ठिकाणी नातेवाईक सोबत राहावं लागतं, तर पाळ्या आधी ठरवा, आई एकटीवर टाकू नका.

खाजगी केंद्रात नेणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का विचारा आणि कागद बघा. बायपोलरचा पेशंट दारू पितो म्हणून कुठल्यातरी व्यसनमुक्ती केंद्रात टाकून येणारे बरेच आहेत. तिथं मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय सोडून येऊ नका. साखळीनं बांधणं कुठंही बेकायदा आहे. शॉक ट्रीटमेंट सुचवली तर घाबरून उठू नका, आता ती भूल देऊनच करतात, भूल न देता करायला कायद्यानं बंदी आहे, आणि काही पेशंटला ती फार चांगली लागू पडते.

मेडिक्लेम असेल तर विचारा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं त्याच २०१७ च्या कायद्यात विमा कंपन्यांसाठी लिहिलंय. नवी पॉलिसी काढताना मात्र आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच उलटतं. सरकारी योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

८. नैराश्याचे दिवस

तेजी दिसते म्हणून सगळे धावतात, नैराश्य शांत असतं म्हणून घर निर्धास्त होतं. खरंतर बहुतेक पेशंटचे जास्त दिवस नैराश्यात जातात आणि जीव जाण्याचा धोका तिथं मोठा आहे.

आपल्या भागात एक गोष्ट उघड बोललीच पाहिजे. घरात फवारणीची औषधं असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर तर गोठ्यात, पडवीत, जिन्याखाली डबेच डबे. हे सगळं घरापासून लांब, कुलपात, आणि किल्ली पेशंटला माहीत नाही अशा जागी. घरात कुणाला नैराश्य असेल तर शेजाऱ्याकडं साठा ठेवायला लाज वाटू देऊ नका. गोळ्यांचा डबा सुद्धा कुलपात, एकावेळी आठवड्याच्याच बाहेर काढा, लिथियम एकदम घेतलं तर जीवावर बेततं.

विचारा सरळ, "जगू नये असं वाटतंय का? काही ठरवलंयस का?" विचारल्यानं डोक्यात विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. काही केलंच असेल तर पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका, मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरतात, त्याला शिक्षा नाही. दवाखान्यात नोंद होईल, होऊ दे.

"मनावर घेऊ नको", "बाहेर फिरून ये", "आम्हाला काय कमी टेन्शन आहे का" ही तीन वाक्यं घरात बंद. त्यापेक्षा उन्हं चढायच्या आत सोबत चार पावलं चालायला न्या, समोर ताट आणून ठेवा, जवळ बसा, नाही बोलला तरी बसा.

९. पेशंट बाई असेल तर

बाईला झालं की तिला माहेरी आणून सोडतात आणि गोळ्या बंद होतात, हे मी ओपीडीच्या बाकावर इतक्यांदा ऐकलंय. उपचार कुठं चालू राहणार हे दोन्ही घरांनी बसून ठरवा. लग्न ठरवताना आजार सांगा, लपवलेलं पहिल्या झटक्याला बाहेर येतंच आणि मग कोर्टापर्यंत जातं.

मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट शक्यतो देत नाहीत, बाळाला जन्मतः दोष होण्याचा धोका मोठा आहे. चालू असेल तर स्वतः बंद करू नका, मूल हवं ठरल्यावर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आजार उलटण्याचा धोका खूप असतो, त्यात रात्रीची झोप मोडते. रात्रीचं बाळ सांभाळायला आई, सासू, नणंद कुणीतरी पाहिजे, आणि मानसोपचाराच्या आणि बाळंतपणाच्या अशा दोन्ही डॉक्टरांकडं एकमेकांच्या चिठ्ठ्या पोचल्या पाहिजेत.

१०. देवऋषी आणि पाहुणे

आपल्याकडं पहिलं देवाला नेतात. काळूबाईला, खंडोबाला जाऊन मन शांत होत असेल तर जा, माझी आई अजून जाते. फक्त गोळी चुकवायची नाही आणि उपाशी-जागं ठेवायचं नाही. भूत उतरवायला म्हणून मारणं, चटके देणं, बांधून ठेवणं हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली २०१३ पासून गुन्हा आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कामाला आयुष्य दिलं त्यातून हा कायदा आला. तिथं त्यांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम करते, साताऱ्याकडच्यांनी चौकशी करावी.

पाहुण्यांना किती सांगायचं ते पेशंटला विचारा. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "हा" "तो" करून बोलू नका, त्याला सगळं कळत असतं आणि लक्षात राहतं.

११. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायचं का

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, आधार, फोटो, पत्ता आणि उपचाराचे कागद जोडायचे, मग सरकारी रुग्णालयात तपासणीला बोलावतात. डॉक्टर स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, आणि आजार किती वर्षांचा यावर गुण देतात. ४० टक्के किंवा जास्त आलं तर योजनांना उपयोग. कमी आलं तर फारसा नाही. चांगल्या चाललेल्या पेशंटला कमीच येणार, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. जुन्या केसपेपरच्या झेरॉक्स भरपूर न्या, डॉक्टर त्या दिवशी बरा दिसणारा माणूस बघतात, मागची वर्षं कागदच दाखवतात. कार्ड मिळाल्यावर संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसीलला, आणि जुन्या पद्धतीनं इन्कम टॅक्स भरणाऱ्या घरच्याला वजावट मिळते.

निरामय विमा काढा असं कुणी सांगेल तर ते ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, बायपोलरला नाही. एजंटला पैसे देऊ नका. आणि भाऊ म्हणाला नको, तर आम्ही काढलं नाही.

१२. तुम्ही

सांभाळणाऱ्याची झोप गेली की दोन पेशंट होतात. आठवड्यातला एक दिवस तरी दुसऱ्या कुणाकडं जबाबदारी द्या, मोठ्या भावाला, चुलत्याला सरळ सांगा की रविवार तुमचा. टेली मानस घरच्यांसाठी पण आहे, रडायला आलं तरी लावा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन घरच्यांचे गट चालवते. तेवढं लांब जाणं होत नसेल तर ओपीडीत शेजारी बसलेल्यांशी बोला, नंबर घ्या. आमची अशी काही घरं जुळलीत, कुणाला मिरजेला यायला उशीर होणार असला की दुसरं कुणी रांगेत नंबर धरून ठेवतं, कुणाकडं लिथियम संपलं आणि मेडिकलला नाही मिळालं तर कुठल्या दुकानात आलंय ते कळवतं, आणि रात्री अपरात्री फोन आला तर उचलतं.